नवरीच्या गाडीला लावलेली खळ

आमच्या गाडीला टेकायची सोय नव्हती. टेकलेला माणूस हिरवा होऊन घरी जायचा. पोस्टमन, दूधवाला, मागच्या गल्लीतली म्हैस, सगळ्यांच्या अंगावर आमच्या गाडीची निशाणी असायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "रंग जुना हाय, पण अस्सल हाय." अस्सल रंग पत्र्यावर राहतो, लोकांच्या पाठीवर बसून गावभर हिंडत नाही, हे त्यांना सांगणार कोण? मी सांगायची. म्हणून घरात मी तोंडाळ ठरले होते.

ही गाडी आम्ही काही हौसेनं घेतलेली नव्हती. अप्पा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत सायझिंग खात्यात मास्तर होते. गिरणीच्या कुणा जुन्या साहेबासाठी ती कधीकाळी विलायतेहून आलेली. साहेब गेला, गाडी राहिली, आणि आवारात चिमणीखाली उभी राहून वर्षानुवर्षं काजळी खात बसली. अप्पा निवृत्त झाले तेव्हा गिरणीवाल्यांना एकदम मायेचं भरतं आलं. त्यांनी अप्पांना हार घातला, नारळ दिला आणि या गाडीची किल्ली दिली. आवार मोकळं झालं आणि वर उपकारही झाले. बाकीचे लोक निवृत्त होऊन नारळ हातात घेऊन घरी येतात. आमचे अप्पा नारळ सीटवर ठेवून गाडी ढकलत घरी आले. पुढं त्यांनी खटपट करून इंजिन चालू केलं, चालवायला शिकले, लायसन काढलं. इंजिन चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. रंगाचं मात्र मढं झालं होतं. मूळचा गडद हिरवा म्हणे. मी पाहिला तेव्हा तो वाळलेल्या कोथिंबिरीवर गेला होता, आणि बोट फिरवलं की बोटाला पीठ लागायचं.

सायझिंग म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात. पीठ, मेण आणि चरबी पाण्यात उकळून ही खळ करायची. तिच्यानं धागा कडक होतो, गुळगुळीत होतो, मागाचे झटके सोसतो. चरबी बकऱ्याची. गिरणीत तिला टॅलो म्हणायचे, कारण इंग्रजी नाव दिलं की बकरं मेलंच नाही असं वाटतं. आणि आमचं घर कसलं, तर लिंगपूजेशिवाय तोंडात घास न घालणारं. अंडं हा शब्दसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊन बोलायचा. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, यावर तोड काढली होती. अप्पा पाळीवरून आले की अंगणातल्या दगडावर उभे राहायचे. अव्वा गरम पाण्याची बादली आणून ठेवायची. तिथंच आंघोळ, गिरणीचे कपडे बाहेरच्या खुंटीवर, आणि मग घरात पाऊल. पगार तेवढा बिनआंघोळीचा आत यायचा. त्याला वास येत नसावा.

अव्वाची आणखी एक रीत होती. ती रागात मराठी बोलायची आणि मायेत कन्नड. माहेर अक्कलकोटकडचं. दारात पाहुणा आला, लेकरू तापानं फणफणलं, की तिच्या तोंडातनं कन्नड पाझरायचं. अप्पांशी ती जन्मभर मराठीच बोलत आली होती.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, लोकांना पुन्हा लग्नं सुचायला लागली होती. मला बार्शीचं स्थळ आलं. धान्यबाजारात अडत, दारात नवी कोरी मोटार, आणि घराचा सगळा कारभार मुलाच्या काकांकडं. मुलाचे वडील होते, पण ते फक्त मान हलवायचे. काकांनी मला चालायला लावलं, बोलायला लावलं, उजेडाकडं तोंड करायला लावलं. "पोरीचा रंग उन्हानं जरा उतरलाय," असा निकाल दिला, "पर लग्नापातूर उजळंल." मग बाहेर पडले आणि चपला घालता घालता गाडीला टेकले.

पांढराफेक सदरा घालून आले होते. पाठ हिरवीगार झाली.

"मास्तर, ही गाडी हाय का खडू?" काका पाठ झटकत म्हणाले. सगळे हसले. मुलगाही हसला असावा, मला खिडकीतून नीट दिसलं नाही. "ह्ये धूड वरातीत नगं बरं का. पोरगी न्यायला आमची गाडी यील की."

अप्पा हसले नाहीत. "पोरगी माझ्या गाडीतनं जाईल," ते म्हणाले. "बार्शीच्या दारापातूर मी सोडीन तिला."

"नवरीचा बाप गाडी हाकत येतो व्हय कुटं?"

"मी येनार."

काकांनी पुन्हा एकदा गाडीकडं पाहिलं. मला पाहताना जसं तोंड केलं होतं तसंच केलं. "बरं," ते म्हणाले, "चकाकली तर बघू."

पाहुणे गेल्यावर अव्वानं मराठी सुरू केली. "नवी गाडी येतीया तर येऊ द्या की! तुमच्या ह्या डबड्यापायी पोरीचं मोडलं तर? कुटनं हो ही अवदसा आठवली?" अप्पा म्हणाले, "हिला साळंत सोडाया मला कदी जमलं न्हाय. जत्रंला न्हाय, दवाखान्याला न्हाय. कायम पाळी. एकदा तरी पोरीला कुटंतरी सोडू दे की मला."

माझ्या जिभेवर एक बोलणं तयार होतं, ते मी गिळलं. खरंच होतं ते. शाळेच्या वाटेवर माझा हात नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असायचा. फार वाईट वाटलं मला, आणि अप्पांबद्दल माया दाटून आली. ती माया दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकली. सकाळी त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं.

गिरणीत नवी खळ आधी थोड्या सुतावर लावून बघायची पद्धत असते. सगळा ताणा एकदम बुडवत नाहीत. अप्पांनी तीच पद्धत गाडीला लावली. बॉनेटवर सूत ताणून खडूनं चौकटी आखल्या. एकेका चौकटीला एकेक औषध, ऊन सगळ्यांना सारखं. परीक्षाही ठरवली. चौकटीवर वाकून पाहायचं, आणि स्वतःची मिशी दिसली तर पास. मला मिशी नसल्यामुळं माझं मत धरत नसत.

पहिली चौकट मामाची. मामा म्हणजे अव्वाचा भाऊ. त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, त्यामुळं त्याला वाटायचं की जगातल्या सगळ्या मोटारी त्यानंच जन्माला घातल्या. त्यानं मुंबईहून मेणाची विलायती डबी मागवली. डबीवर लखलखत्या गाडीचं चित्र होतं. चित्रातली गाडी नवीच होती. "मामा, नव्या गाडीला चकाकायला डबी कशाला लागते?" मी विचारलं. "तुला काय कळतंय? गप फडकं मार," मामा म्हणाला. मी मारलं. मेण लावायचं, वाळू द्यायचं, मग पुसायचं, असं डबीवर लिहिलं होतं. पुसायला लागल्यावर कळलं की मेण रंगाला धरून होतं, पण रंगच पत्र्याला धरून नव्हता. मेण, रंग आणि माझा घाम असे तिघेही फडक्यावर आले. भेगांतून मात्र मेण पांढरं होऊन बसलं, दात न घासलेल्या माणसासारखं.

"डबी चांगली हाय, गाडीच वाईट हाय," मामा म्हणाला. दुकानदाराला हे एक बरं असतं.

दुसरी चौकट कंपाऊंडची. हा रंगाऱ्यांचा लगदा, त्यात बारीक कचकच असते. राखेनं भांडं घासावं तसं घासायचं. घासलं, आणि अगं बाई, वरचं मेलेलं पीठ निघून खालून खरा हिरवा रंग वर आला! मी चाटच पडले. अप्पांना मिशी दिसली. मामानं उत्साहानं फडकं माझ्या हातून हिसकावून घेतलं आणि दणादण घासत सुटला. हिरव्याखालून तांबडं अस्तर आलं, आणि तांबड्याखालून पत्रा. रंग मुळात शिल्लक किती आहे, हा प्रश्न घासणाऱ्याला पडत नाही. अप्पा म्हणाले, "आता बास. ह्येच्यानं रंग उजळंल, पर हळू हातानं, आन् वर कायतरी लावाया पायजे. उघडा ऱ्हायला की पुन्यांदा पीठ." एवढं मात्र त्यांचं पक्कं झालं.

वर काय लावायचं यावर मग अख्ख्या गल्लीचं डोकं चालायला लागलं. स्टँडावरच्या टॅक्सीवाल्यांनी रॉकेल आणि खोबरेल सांगितलं. रॉकेल रेशनचं, खोबरेल माझ्या वेणीचं. दोन्ही समसमान घेऊन चौकट पुसली. सकाळी आठ वाजता अशी चमकली की टॅक्सीवाल्यांना पद्मश्री द्यावीशी वाटली. दहाच्या सुमारास ऊन चढलं, धूळ उठली आणि चौकटीवर मातीचा गिलावा बसला. सोलापूरची धूळ बोलावण्याची वाट बघत नाही.

मग अव्वाला राहवेना. तिचा सगळ्या गोष्टीला विरोध होता, पण आपल्यावाचून काही होतंय हेही तिला सोसत नसे. "करडईचं तेल लावा," ती म्हणाली. "तव्यावर ऱ्हायलं की कसं बसतंय चिकटून! घासून जातंय का सांगा. आन् चकाकतं किती!" यात खोटं काहीच नव्हतं. करडईचं तेल खरंच चिकटून बसलं. पहिल्या दिवशी झकास चमकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा डिंक झाला. त्या डिंकात कडुलिंबाचा मोहर बसला, पतंगाचा कागद बसला आणि एक माशी बसली. मोहर आणि कागद कसेबसे काढले. माशी निघेना. कंपाऊंडलाही दाद देईना. ती तिथंच राहिली, पाय वर करून.

एकीकडं माझ्याही तोंडाचं हेच चाललं होतं. काकांनी रंग उतरलाय म्हटल्यापासून येणारी जाणारी प्रत्येक बाई मला काहीतरी फासून जायची. हळद, साय, मसुराचं पीठ, कुठली तरी गुलाबी क्रीम. माझ्या गालावर चौकटी आखल्या नाहीत एवढंच. सकाळी मी गाडी चोळायची, दुपारी बायका मला चोळायच्या. फरक इतकाच की गाडीला कुणी, "हसतमुख राहा गं बाई," म्हणत नव्हतं.

लग्न जवळ आलं. बॉनेट बघवत नव्हतं. एक चौकट मातीची, एक डिंकाची, एक पत्र्याची. अप्पा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून गाडीसमोर बसायचे. मिशी कुठंच दिसत नव्हती. बार्शीहून निरोप आला, आमची गाडी धुऊन तयार आहे, तुमचं काय? तो निरोप वाचून अप्पांचं तोंड असं उतरलं की मला त्या काकांना त्यांच्याच अडतीत, पोत्यात घालून शिवावंसं वाटलं.

एक दिवस अप्पा सकाळी गिरणीकडं गेले आणि दोन डबे घेऊन आले. अव्वा देवळाला गेली होती. त्यांनी अंगणात गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला आणि पातेलं चढवलं. वास आला तसं माझं नाक ओळखून चुकलं. लहानपणी बाहेरच्या खुंटीवरच्या कपड्यांना तोच वास असायचा.

"अप्पा! टॅलो?"

"नुसतं मेन तडकतंय," अप्पा शांतपणे ढवळत म्हणाले. "सुतावर तडकतं तसं पत्र्यावरबी तडकतंय. त्याला मऊ कराया टॅलो पायजे. पीठ न्हाय घालायचं, कडक कराया ह्यो काय धागा न्हाय. जलमभर हातात धरल्याला माल हाय ह्यो. डोस्कंच चाललं न्हाय बघ माझं इतके दिवस."

"नवरीच्या गाडीला बकरं फासणार तुम्ही? अव्वाला कळलं तर?"

"मेन हाय म्हनायचं," ते म्हणाले. "मेन हायच की त्यात."

आधी हलक्या हातानं कंपाऊंड मारलं, पीठ काढलं. मग ती कोमट खळ अप्पांनी तळहातानं लावली, फडक्यानं नाही. एकेक वीत पत्रा, गोल गोल, आणि वर जुन्या चादरीच्या तुकड्यानं घासून काढला. मी पाहत होते. आणि रंग परतला हो! ओल्या आळूच्या पानासारखा गर्द हिरवा. आमच्या दारात आजवर असं काही उभं राहिलेलं नव्हतं. अप्पा दारावर वाकले, त्यांना मिशी दिसली. मला मिशीखालचं हसू दिसलं. करडईची चौकट तेवढी तशीच राहिली, पण तिच्यावर लग्नात हार येणार होता.

अव्वा आली. गाडीकडं पाहत राहिली. मग तिनं नाक जरा वर केलं. "वास कसला?"

"मेनाचा," अप्पा म्हणाले.

अव्वा आत गेली आणि गरम पाण्याची बादली आणून दगडाशी ठेवली. अप्पा निवृत्त झाल्यापासून ती बादली बंद झाली होती. अप्पांनी मुकाट आंघोळ केली. तिला कळलं होतं, हे मला कळलं, आणि लग्न पार पडेपर्यंत ती तोंड उघडणार नाही, हेही.

वैशाखातलं लग्न. सोलापूरच्या वैशाखात लग्न धरणाऱ्यांना काय म्हणावं ते मी अजून ठरवते आहे. सकाळी कार्यालयाच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा माणसं वळून बघत होती. काका आले. गाडीभोवती फिरले. बोट फिरवलं, बोट पाहिलं. स्वच्छ. दारात स्वतःचं तोंड दिसलं, तेव्हा फेटा नीट केला. "मास्तर, खडूचा आरसा केलासा की," ते म्हणाले. "न्या. तुमच्याच गाडीतनं न्या." अप्पांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले आणि ऊन लागलं असं सांगितलं.

मग अक्षता झाल्या, पंगती झाल्या, मानपान झाले, रुसवे झाले, ते काढून झाले. एवढा सगळा वेळ गाडी उन्हात उभी. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. अप्पांनी खळ जन्मभर गिरणीच्या छपराखाली वापरलेली. सुताला कुणी वैशाखात दारात उभं करत नाही.

पाठवणीला आम्ही बाहेर आलो तर गाडीला कुत्र्यांनी वेढा घातलेला. गल्लीतली होती, पलीकडच्या पेठेतली होती, कुणाची कुठली आली होती. दोघं पुढचा बंपर चाटत होती. एक काळं मागचे पाय जमिनीवर आणि पुढचे मडगार्डवर ठेवून, डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं चाटत होतं. आणि वास! खाटकाच्या दुकानावर भर दुपारी जो येतो तो. बाया पदर नाकाला लावायला लागल्या.

"कुत्र्यांस्नी काय झालंय ओ?" काकांनी विचारलं. मग त्यांनी नाक वर केलं. "मास्तर, काय लावलंय गाडीला?"

अप्पांना खोटं बोलता यायचं नाही. जन्मात एकदा बोलले, तेही अर्धं. "खळ हाय," ते म्हणाले. "मेन आन् टॅलो."

"टॅलो म्हंजी?"

"चरबी. बकऱ्याची."

काकांचा चेहरा कसानुसा झाला. "लिंगायताच्या पोरीच्या गाडीला चरबी? अरं शिव शिव शिव! आमच्या घरची सून ह्यात पाय ठेवायची न्हाय. आमची गाडी पुढं घ्या रं!"

अप्पांनी गळ्यातलं नवं कोरं उपरणं काढलं आणि गाडी पुसायला लागले. भर उन्हात, सगळ्या व्याह्याविहिणींसमोर, वाकून. चरबी पुसून जाते थोडीच? पातळ झालेली, ती नुसती इकडची तिकडं होत होती. ते दार पुसून पुढं सरकले की कुत्रं त्यांच्या मागून तेच दार चाटायचं. कुणीतरी फिसकन हसलं. इतका राग मला त्याआधी आला नव्हता आणि त्यानंतरही नाही. बाशिंग बांधलेल्या नवरीनं बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी अव्वा पायऱ्या उतरली.

माणसं बाजूला झाली. ती सरळ अप्पांकडं चालली, तेव्हा मला वाटलं, आता अप्पांची काही धडगत नाही. तिनं अप्पांच्या हातातलं उपरणं काढून घेतलं, आणि वळली ती काकांकडं.

"अण्णा, धोतर नवं हाय?"

"आँ? व्हय. नवं हाय."

"कोरं?"

"लग्नात कोरंच नेसत्यात की."

"पान्यात घातलं न्हाय अजून?"

"न्हाय. का ओ?"

"मग त्याची खळ निगाली न्हाय," अव्वा म्हणाली. "चरबी हाय तुमच्या अंगाला. ह्या गाडीला हाय तीच. हितं जेवढे कोरे कपडे घालून आलेत, समद्यांच्या अंगाला हाय."

काकांनी धोतराचा सोगा हातात धरला होता, तो सोडला. मग कुठं धरावं ते त्यांना कळेना. भोवतालच्या लोकांनीही आपापल्या अंगाकडं पाहिलं. इतके कडकडीत, इतके नवे, इतके अडचणीत आलेले कपडे मी पुन्हा पाहिले नाहीत.

अव्वा थांबली नाही. "ह्या मानसाला मी जलमभर दारात हुबं करून धुतलंय. चरबी घरात यिऊ दिली न्हाय. पर तिच्यावरच ही पोरगी वाढली अण्णा. भात तिचा, साळा तिची, अंगावरचा शालू तिचा. गाडी चालत नसंल तर पोरगीबी चालायची न्हाय तुमास्नी. हिलाबी धुऊन नेनार का?"

मुलाचे वडील मान हलवत होते, पण कुणाच्या बाजूनं ते समजत नव्हतं. तेवढ्यात माझा नवरा, जो सकाळपासून बोहल्यावरच्या नारळाइतकाच बोलका होता, तो पुढं झाला. "काका," तो म्हणाला, "ऊन लई हाय. बसू की." आणि गाडीच्या पुढून वळसा घालून निघाला. जाता जाता त्यानं हाराखाली बॉनेटवर हात टेकला. नेमका करडईच्या चौकटीवर. हात ओढून सोडवला तेव्हा ती माशी त्याच्या तळहाताला गेली. ती पाहून त्यानं धोतराला हात पुसला आणि आत बसला. पुढं इतकी वर्षं मी त्याच्यासोबत काढली, "ऊन लई हाय" यापेक्षा धीट वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं नाही. पण वेळेला एक पुरतं.

मी बसले. अव्वानं दार लावलं, तळहात सबंध दारावर टेकवून. मामा पुढं बसला. अप्पांनी गाडी सुरू केली. वरातीचा मान कुत्र्यांनी नाक्यापर्यंत राखला, मग ती दमली. काका मागून त्यांच्या नव्या गाडीतून, आमची धूळ खात.

वाटेत अप्पा वैरागला गाडी थांबवून मागं वळले आणि, "पानी पायजे का?" एवढंच विचारलं. शाळेत सोडायला जाणारा बाप विचारेल तसं. मला पाणी नको होतं, तरी मी हो म्हणाले. ते उतरले, कुठूनसा तांब्या भरून आणला, मी पीत असताना समोर उभे राहिले. मी रडत होते आणि पाणी पीत होते, आणि मामा, "अगं ठसका लागंल," म्हणून ओरडत होता.

बार्शीला पोचलो तेव्हा गाडीवर चकाकीचा टिपूससुद्धा उरला नव्हता. रस्त्याची सगळी माती त्या चरबीवर बसून गाडी तपकिरी झाली होती. मुंबईची डबी, कंपाऊंड, खोबरेल, करडई, खळ, सगळ्यांचा निकाल बार्शी रोडनं एका दुपारात लावला. सासरच्या बायका ओवाळायला आल्या त्या गाडीपासून हातभर लांबच उभ्या राहिल्या. मिशी दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता. अप्पांनी माझ्यासाठी दार उघडलं, मी उतरले. "सोडली बघ तुला," ते म्हणाले. मी वाकून पाया पडले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याजवळ टोचून बोलण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं मामानं सांगितलं, मी माहेरपणाला गेले तेव्हा. दोघं सोलापूरला परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. अप्पांचे हात, सदरा, सगळं चरबीनं आणि धुळीनं बरबटलेलं. गाडी लावून ते सवयीनं अंगणातल्या दगडावर जाऊन उभे राहिले. बादली नव्हती. ते उभेच. अव्वा दारात आली. तिनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओळग बर्री," ती म्हणाली.

आत या, असं आम्ही कन्नडात घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतो. मामा सांगत होता, अप्पांनी मागं वळून पाहिलं, कोण पाहुणा आलाय म्हणून.